बिनलग्नाचा लमझना

आमच्या घरी चार पिढ्या भिक्षुकी चालत आलेली. त्यामुळे देवाच्या वतीने बोलणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर कधी वाटला नाही आणि फार रागही आला नाही. हलवायाच्या मुलाला पेढ्याबद्दल जे वाटतं तेच. पुढे मी वकील झालो. हाही दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचाच धंदा, फक्त माझा अशील तारखेला हजर असतो.

फादर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी कॉलेजात होतो. केरळातला किडकिडीत, सावळा तरुण. पांढरा झगा, पायात रबरी चपला. मेळघाटात पाठवण्याआधी त्याने मराठी शिकावं असं त्याच्या वरिष्ठांनी ठरवलं होतं, आणि अमरावतीत शुद्ध मराठी कोण शिकवेल याची चौकशी करत कोणीतरी त्याला अंबागेटातल्या आमच्या ओसरीवर आणून सोडलं. माझे वडील सोवळ्याओवळ्यात बरेच ढिले होते, व्याकरणात मात्र विटाळ चालू देत नसत. एका पुरोहिताने दुसऱ्याला भाषा शिकवायची यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. आईला वाटलं. तिने फादरांचा कप वेगळा ठेवला. पुढे तो कप इतका लाडका झाला की आम्हा कोणाला त्यातून चहा मिळेना.

वडिलांनी त्यांना जी मराठी शिकवली ती सत्यनारायणाच्या पूजेला शोभेल अशी होती. "आपण क्षेमकुशल आहात ना?" हे वाक्य फादर दिवसभर घोटत. मेळघाटातल्या गावी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका म्हाताऱ्याला हा प्रश्न विचारला. म्हातारा घाबरून भूमकाला, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैद्याला घेऊन आला. नव्या माणसाला काहीतरी लागलं असावं, अशी त्याची समजूत.

गाव धारणीच्या पुढे, डांबर संपतं तिथून आणखी आत. वस्ती कोरकूंची. त्यांच्या भाषेचा मराठीशी तितकाच संबंध, जितका माझ्या वडिलांचा मासळीशी. बाहेरच्या माणसाशी ते हिंदी घातलेली वऱ्हाडी बोलतात, आणि फादर पुढे तीच शिकले. पण वडिलांचं शिक्षणही वाया गेलं नाही. फादरांच्या तोंडी दोन्ही भाषा एकाच वाक्यात सुखाने नांदू लागल्या. "कृपया आसनस्थ व्हा, नाई तं मुंग्या चावतीन," असं ते मला म्हणत.

मी वर्षातून एकदोनदा त्यांच्याकडे जाऊ लागलो. आधी वडिलांनी दिलेलं लोणचं पोचवायला, नंतर सवयीने. पहिल्याच खेपेस माझ्या लक्षात आलं की गावातली माणसं फादरांना तोंडावर 'फादर बाबा' म्हणतात आणि पाठ वळली की 'लमझना' म्हणून हसतात. थोड्याच वर्षांनी तोंडावरही म्हणू लागली.

लमझना म्हणजे काय ते गावच्या पटेलाने मला सांगितलं. पटेल म्हणजे तिथला मुखिया, तेव्हा फादरांच्याच वयाचा. कोरकूंमध्ये मुलीच्या बापाला द्यायला ज्याच्याकडे काही नसतं, तो मुलगा तिच्या घरी राहायला येतो. नांगर धरतो, लाकडं फोडतो, गुरं राखतो, सासऱ्याची बोलणी खातो. ठरलेली वर्षं पुरी झाली की त्याचं लग्न लागतं. तोवर त्याची थट्टा करायचा हक्क अख्ख्या गावाला. आता हे सगळं कमी झालंय, पण विसरलेलं कोणीच नाही.

"हा आला तवा याच्यापाशी काईच नोतं," पटेल म्हणाला. "जमीन नाई, बैल नाई, बायको नाई. सकायपासून मरमर काम करते. सासरा कुटी दिसत नाई, पन याले त्याचा लय धाक. मंग हा लमझना नाई तं कोन हाय?"

धर्मशास्त्राची इतकी नेटकी मांडणी मी नंतर कोणत्याही व्याख्यानमालेत ऐकली नाही.

पटेलीण तर फादरांना सोडतच नसे. एका वर्षी फादर विहिरीच्या कामावर दगड वाहत होते, तेव्हा ती डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन थांबली.

"काहून रे लमझन्या, किती वर्सं राहिले आता?"

"सासऱ्याले विचारून सांगतो, बाई."

"अन नवरी?"

"तीही तोच ठरवते."

"कानी-आंधयी पोट्टी पदरात टाकीन, पाह्यजो," म्हणून ती हसत निघून गेली.

अमरावतीत आणि माझ्या सासुरवाडीला अकोल्यात लोक मला फादरांविषयी दोनच प्रश्न विचारत: माणसं किती बाटवली, आणि तिकडे वाघ दिसतो का. वाघ दिसत नाही, हे मी खात्रीने सांगे. पहिला प्रश्न मी फादरांपुढे ठेवला होता. "त्याचा हिशेब वर हाय," ते म्हणाले, "मले दाखवत नाईत." मी पाहिलं ते एवढंच. रविवारी त्यांच्या कौलारू प्रार्थनाघरात काही म्हाताऱ्या, काही मुलं आणि एखादी कोंबडी असे. होळीला ती सगळी मंडळी नाचायला जात आणि त्यांच्या मागोमाग फादरही जात. भूमकाशी त्यांनी कामाची वाटणी करून घेतली होती. अंग तापलेला माणूस आला की भूमका त्याला फादरांकडे धाडी, नजर लागलेला आला की फादर त्याला भूमकाकडे. दोघांचंही नाव झालं.

बाकी वेळ फादर मुलांना शिकवत, आजाऱ्याला जीपमध्ये घालून धारणीला नेत, आणि जीप बंद पडली की तिच्याखाली झोपून तिला मल्याळम शिव्या देत. शिव्या त्यांनी मातृभाषेतच ठेवल्या होत्या. वडिलांनी तो धडा घेतला नव्हता.

अशी चाळीसहून जास्त वर्षं गेली. वडील गेले, आई गेली, तो कप माझ्या बायकोने कपाटात वर ठेवला. मग एका पावसाळ्यात फादर ओढ्यातल्या दगडावरून घसरले आणि गुडघा कामातून गेला. काठी आली. आणि काठीपाठोपाठ त्यांच्या संस्थेचे नवे प्रमुख आले.

प्रमुख वयाने फादरांच्या मुलासारखे. फादरांना मूल असतं तर. मंगळूरकडचे, रोममध्ये शिकलेले, मराठी चोख, झगा इस्त्रीचा. ते मला माझ्या ऑफिसात येऊन भेटले.

"वकीलसाहेब, फादर आता सत्तरीच्या पुढे आहेत. अमरावतीला आमचं वृद्ध धर्मगुरूंचं घर आहे. डॉक्टर आहे, लिफ्ट आहे. त्यांना तिथे आणायचं ठरलंय. तुम्ही त्यांचे मित्र आहात, तुम्ही समजावलंत तर बरं होईल."

"ते नाही म्हणालेत का?"

"नाही म्हणता येत नाही. आम्ही आज्ञापालनाची शपथ घेतो."

"मग माझी काय गरज?"

प्रमुख जरा हसले. "ते हो म्हणतात आणि काठी आपटतात."

मी गेलो. फादर प्रार्थनाघराच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मला आसनस्थ व्हायला सांगितलं.

"जाईन," ते म्हणाले. "आज्ञा हाय. जायचंच. पण वकीलसाहेब, एक विनंती हाय. मृत्युपश्चात मले इथंच गाडा."

अडचण हीच होती. संस्थेच्या धर्मगुरूला संस्थेच्या अमरावतीच्या दफनभूमीत ठेवायचं असा त्यांचा रिवाज. एकदा त्या घरात गेलेला माणूस तिथून फक्त एकाच दिशेला जातो, आणि ती दिशा मेळघाटची नव्हे.

"तिथं वाईट काय आहे?" मी विचारलं. "आपलीच माणसं."

"तेच तं." त्यांनी एक शेंग बाजूला टाकली. "ज्येष्ठतेनुसार रांग असते. माझ्या डाव्या बाजूले कोन हाय मले ठाऊक हाय. जित्तेपनी आम्ही कधी बोललो नाई. आता पुनरुत्थानापर्यंत त्याच्या शेजारी पडून राहू?"

हे ते हसत म्हणाले. पायरीसमोर कुंपणाशी एक तेंदूचं झाड होतं, त्याकडे पाहत शेंगा सोलत राहिले. "मले मागता येत नाई," ते शेवटी म्हणाले. "मागितलं तं शपथ मोडते. तुमी मागू शकता." मी प्रमुखांना फोन केला. नियम नियम आहे, असं ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, आणि मला मानपत्र लिहायला सांगितलं.

कारण निरोप साधा द्यायचा नाही असं ठरलं होतं. अमरावतीत एक गौरव समिती तयार झाली. माणूस काम करत असतो तेव्हा समिती नसते. तो थांबायला लागला की होते. मी मानपत्र लिहिलं. 'अविरत', 'तेजस्वी', 'दीपस्तंभ' हे शब्द मानपत्रात पेरावे लागत नाहीत, गाजरगवतासारखे आपोआप येतात. मेळघाटात समुद्र नाही, तिथे दीपस्तंभ कशाला, हे मलाही नंतर सुचलं.

होळी आटोपल्यावर गावात मांडव पडला. व्यासपीठ, निळा पडदा, फादरांचा असा फोटो की ज्यात ते कुठल्यातरी बँकेचे निवृत्त व्यवस्थापक दिसत होते. प्रमुख पाहुणे कुठल्याशा महामंडळाचे माजी अध्यक्ष. त्यांनी सगळ्यांना फेटे आणले होते. फादरांना फेटा बांधला, तो कानांवर उतरला, आणि पुढच्या रांगेतली पोरं जी हसायला लागली ती थांबेनात. फादरांना आजवर मिळालेल्या शाली थंडीत गावच्या वासरांच्या अंगावर असत. पाहुण्यांनी नवी शाल घातली तेव्हा एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हे माह्या गोऱ्ह्याले मांगीन मी." मला स्पष्ट ऐकू आलं. पाहुण्यांनाही आलं असावं.

पाहुणे बोलले. त्यांनी गावाचं नाव दोनदा चुकवलं आणि फादरांना आदिवासींचा मसीहा म्हटलं. मसीहा खाली मान घालून खुर्चीच्या हातावरचा रंग खरवडत होता. मी मानपत्र वाचलं. मग प्रमुख उठले आणि थोडक्यात, चांगलं बोलले. फादरांनी या गावासाठी आयुष्य दिलं, आता आम्ही त्यांना घरी घेऊन जातो, त्यांना विश्रांती हवी.

त्यावर पटेल उठला. आता तोही सत्तरीचा, पाठीत वाकलेला. समितीने त्याला आभाराचे दोन शब्द बोलायला नेमलं होतं. तो माईकजवळ आला, माईककडे पाहिलं आणि वळून मांडवाबाहेर गेला. मोहाच्या झाडाखाली जाऊन बसला. त्याच्यामागे गावातले म्हातारे गेले आणि गोल करून बसले. मग बाया गेल्या.

"हे काय चाललंय?" समितीच्या चिटणीसाने मला विचारलं.

"पंच बसलेत," फादर फेटा काढत म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

निरोप आला: लमझन्याला न्यायला आलेल्यांनी पंचापुढे यावं. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ते व्यासपीठावरून उतरले. त्यांच्यामागे मी उतरलो, फादर उतरले, चिटणीस उतरला, फोटोवालाही गेला. व्यासपीठावर माजी अध्यक्ष एकटे उरले, फेट्यासह. थोड्या वेळाने त्यांनी माईकवर "हॅलो" म्हणून पाहिलं.

झाडाखाली खुर्च्या नव्हत्या. प्रमुखांनी इस्त्रीचा झगा सावरून मातीत मांडी घातली. हे मला आवडलं.

"तुमी याचे घरचे?" पटेलाने विचारलं.

"हो," प्रमुख म्हणाले.

"आमच्यात लमझन्याले अर्ध्यातून न्याचा असन, तं घरच्यायनं सांगा लागते का सासुरवाडीनं काय तरास देला. उपाशी ठेवला? मारला?"

"नाही, नाही. तुम्ही त्यांना फार प्रेमाने वागवलंत."

"मंग काहून नेऊन राहिले?"

प्रमुखांची नजर फादरांवर गेली. फादर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. कोणीतरी म्हणालं, यालेच विचारा. पटेलाने हात झटकला. "लमझन्याले कोन पुसते? तो मंधी बोलत नाई."

मला वाटतं फादरांना आयुष्यात आज्ञापालन इतकं सोयीचं कधी झालं नसेल. ते मन लावून गप्प बसले.

इथे प्रमुखांनी एक चूक केली. त्यांनी म्हणायला हवं होतं की हा विवाहाचा करार नाही, फादर लमझना नाहीत, ही बैठक आम्हाला लागू नाही. म्हटलं असतं तर कदाचित प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण रोममध्ये त्यांना वादविवाद शिकवला होता, समोर मुद्दा दिसला, आणि त्यांना राहवलं नाही.

"पटेल," ते म्हणाले, "तुमची रीत मला मान्य आहे. पण रीत आधी तुम्हीच मोडलीत. या माणसाला चाळीस वर्षं राबवलंत. नवरी कुठे आहे?"

बायांमधून असा हशा उठला की मोहावरचे पोपट उडाले. पटेल गोंधळला. मुद्दा बिनतोड होता. प्रमुखही हसले, जिंकल्यासारखे. मी मात्र कपाळाला हात लावला. अगदी नवख्या वकिलालाही ठाऊक असतं, की ज्या कोर्टात तुम्ही गुणदोषांवर युक्तिवाद केला त्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र तुम्ही मान्य केलं. मग निकालही घ्यावा लागतो.

पटेलीण पुढे सरकली. आता दात गेलेले, जीभ तशीच.

"नवरी आमी किती डाव दाखवली. यानंच नाई म्हनलं. विचारा."

प्रमुखांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान हलवली. पुन्हा हशा.

"पन तुमचं बी खरं हाय," पटेलीण प्रमुखांना म्हणाली. "काम करून घेतलं, तं देनं लागते. मोल नाई घेतलं त्यानं, नवरी नाई घेतली. मंग जागा घ्यावी त्यानं. ज्याचं काम पुरं झालं तो लमझना घरचाच असते. त्याले घरची माती देतेत. ते तेंदूच्या झाडापाशी हाय ना, थे त्याची. जित्ता हाय तवर बसन, मेला का झोपन."

हे ती अगदी सहज बोलली, भाकरी वाढावी तसं. कोणी हसलं नाही. फादरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग पुन्हा पहिल्या. मी त्यांना तेंदूचं कधी कोणाला सांगताना ऐकलं नव्हतं. पण एक माणूस इतकी वर्षं एकाच पायरीवर बसून एकाच झाडाकडे पाहत असेल, तर गावाला सांगावं लागत नाही.

"अन पान्यात?" पटेल म्हणाला. त्याला बहुधा पंचाची सूत्रं बायकोच्या हातून परत घ्यायची होती. "पान्यात रस्ता बंद होते. याचा गुडघा दुखते. लमझना मायबापाच्या घरी जातेच ना चार दिस. तसा पान्यात घेऊन जा. दसऱ्याले आमी येऊ न्याले."

सगळे प्रमुखांकडे पाहू लागले. त्यांच्या झग्यावर मोहाची फुलं पडत होती. रीत मान्य आहे, असं ते दहाएक मिनिटांपूर्वी सगळ्यांसमोर बोलून बसले होते.

"मला वर विचारावं लागेल," ते म्हणाले.

"विचारा," पटेलीण म्हणाली. "आमचा लमझना बी सारखा वरच विचारते."

वर काय झालं ते मला ठाऊक नाही. प्रमुखांनी काय लिहिलं तेही त्यांनी सांगितलं नाही. एवढंच खरं की कागदोपत्री फादर अमरावतीच्या वृद्ध धर्मगुरूंच्या घरी राहतात. त्यांची खोली आहे, दारावर नाव आहे. ते रजेवर आहेत. दफनाच्या बाबतीत 'स्थानिक समुदायाच्या भावना लक्षात घ्याव्यात' असं ठरलं. मी आयुष्यभर अशी वाक्यं लिहिली, पण त्यातून कोणाचं काही भलं झालेलं हे पहिलंच पाहिलं.

गेल्या पावसाळ्यात फादर अमरावतीत होते. मी संध्याकाळी जाऊन त्यांच्याशी कॅरम खेळे. बायकोने कपाटातला कप काढला, त्यातून त्यांना चहा जाई. दसऱ्याच्या आधी पटेलाचा मुलगा आणि आणखी एक जण एसटीने त्यांना न्यायला आले, सोबत एक जिवंत कोंबडी. फादरांची पिशवी सकाळपासून भरून दारामागे ठेवलेली. तरी ते म्हणाले, "एवढ्यात? जरा राहू द्या. इथं लिफ्ट हाय."

"असं का?" मी त्या मुलाला बाहेर नेऊन विचारलं.

"न्याले आलं का लमझन्यानं आढेवेढे घ्या लागतेत," तो म्हणाला. "नाई तं हलका वाटते."

तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर फादर उठले. कोंबडी स्वयंपाकघराला भेट दिली. जाताना त्यांनी लिफ्टला नमस्कार केला.

दिवाळीनंतर मी गेलो. तेंदूखालच्या जागेला त्यांनी नीट कुंपण घातलं होतं, आणि आत भेंडी लावली होती.

"फादर, ही ती जागा ना?"

"हाव."

"मग भेंडी?"

"अजून रिकामीच हाय," ते म्हणाले. "जागा मोकयी ठेवली का पटेलीण बकऱ्या सोडते."

रात्रीच्या जेवणाला तीच भेंडी होती. जरा जून होती. त्यांनी मला आसनस्थ व्हायला सांगितलं, आणि दुसऱ्यांदा वाढली.